ह्यूमन रेकेज (१९२३): एकही प्रिंट उरली नाही का?

रीळवेडी:
मूकपटांबद्दल वाचता वाचता या सिनेमापाशी येऊन अडकलेय. अमेरिकेतला, विषय मॉर्फिनचं व्यसन आणि ते चोरून विकणाऱ्या टोळ्या. काढला कोणी तर डोरोथी डेव्हनपोर्टने, जिचा नवरा वॉलेस रीड, तेव्हाचा केवढा मोठा स्टार, १९२३ च्या जानेवारीतच या व्यसनापायी गेला, वय फक्त ३१. आणि जूनमध्ये सिनेमा थिएटरात! त्यातली नटी बेसी लव्ह, तिचे फोटो सापडतात पण सिनेमा कुठेच नाही. खरंच काही उरलं नाही?

जुना_प्रोजेक्टर:
नाही हो, आजवर तरी हरवलेलाच धरतात. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पटकन पेटायची नाहीतर डब्यातच सडायची, त्यात बोलपट आल्यावर मूकपट कोण विचारतो, फिल्मवरची चांदी काढून घ्यायला रिळंच्या रिळं भंगारात गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेच्या जवळपास ११ हजार मोठ्या लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात पूर्ण उरलेत ते १४ टक्के. कथा मात्र माहितीय. कामाच्या ताणाने खचलेला वकील मॉर्फिन घ्यायला लागतो आणि माल विकणाऱ्यांच्या तावडीत सापडतो, त्याला सोडवायला बायको स्वतःच व्यसनी झाल्याचं नाटक करते. ती बायको डोरोथीनेच केलीय.

मीनल_ठाणे:
नवरा गेल्या गेल्या त्याच्या नावावर पैसे कमावले असं तिच्याबद्दल कुणी म्हटलं की मला राग येतो. १९१९ मध्ये 'व्हॅली ऑफ द जायंट्स'च्या शूटिंगच्या वेळी रेल्वे अपघातात रीडला लागलं, काम थांबू नये म्हणून त्याला मॉर्फिन देत राहिले आणि तिथून ते सुटलंच नाही. तो जिवंत असतानाच, १९२२ च्या डिसेंबरात, तिने पेपरवाल्यांना सगळं सांगून टाकलं होतं. तेव्हा व्यसनी म्हणजे वाया गेलेला माणूस, हा आजार आहे हे लोकांपुढे येऊन बोलायला छाती लागते. पडद्यावर अमली पदार्थ दाखवायलाच विरोध होता, तरी हॉलिवूडच्या निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी या सिनेमाला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये मात्र १९२४ मध्ये बंदी. पुढे तिने 'द रेड किमोना' काढला, तो आहे, नक्की बघा.

रीळवेडी:
मीनलताई, अपघाताचं माहितीच नव्हतं! म्हणजे तो 'व्हॅली'सुद्धा गेलाच असेल ना?

जुना_प्रोजेक्टर:
गेला होता, पण परत आला! रशियाच्या गोसफिल्मोफोंद या सरकारी फिल्म संग्रहालयात अमेरिकेने हरवलेले बरेच मूकपट निघाले, २०१० मध्ये त्यातल्या दहांच्या डिजिटल कॉप्या त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या, त्यात हाही होता, रीडचा 'यू'र फायर्ड'पण. म्हणून म्हणतो, 'रेकेज'ची आशा सोडू नका. परदेशात गेलेल्या प्रिंटांची नावं आणि पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या तिकडच्या भाषेत बदललेल्या असायच्या, त्यामुळे इंग्रजी नावाने यादी चाळून भागत नाही, डबा उघडून रीळ बघावं लागतं.