शब्दचर्चा : ‘लाव्हा ट्यूब’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न, इंदिरानगरहून

काही वर्षांपूर्वी मी दक्षिण कोरियातील जेजू बेटावर ‘मांजांगगुल’ ही ‘लाव्हा ट्यूब’, म्हणजे वाहून गेलेल्या लाव्हाने मागे ठेवलेली लांब पोकळी, पाहिली होती. आमच्या वाचनमंडळासाठी त्या प्रवासाचे टिपण लिहायला घेतले आणि पहिल्याच परिच्छेदात अडले, कारण ‘लाव्हा ट्यूब’ला समाधानकारक मराठी शब्द सापडेना. पहिल्या खर्ड्यात मी ‘लाव्हाचे लेणे’ असे लिहिले होते. ते ऐकून सासूबाईंनी विचारले, की तिथल्या मूर्ती कोणाच्या आहेत. मग ‘लेणे’ खोडून ‘बोगदा’ लिहिले, तर डोळ्यांपुढे कसारा घाटातील रेल्वेचे बोगदे उभे राहिले. ‘गुहा’ लिहावे तर ती वाघाचीही असते.

मी जे पाहिले ते सांगते, म्हणजे शब्द सुचवणे सोपे जाईल. जिना उतरून खाली गेल्यावर ऐन उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटावे इतका गारवा होता. पायांखालची जमीन पुष्कळ ठिकाणी सपाट होती आणि मध्येच दोर वळून ठेवल्यासारख्या दगडी वळ्या पडलेल्या होत्या. दोन्ही भिंतींवर एकाखाली एक आडव्या रेघा होत्या. गंगापूर धरणाचे पाणी उतरू लागले, की काठाच्या खडकावर ज्या खुणा राहतात, अगदी तशा. या गुहेची एकूण लांबी सुमारे ७.४ किलोमीटर आहे, परंतु पाहुण्यांसाठी त्यातील साधारण १ किलोमीटरचाच भाग खुला होता आणि त्याच्या शेवटी ७.६ मीटर उंचीचा लाव्हाचा खांब आहे. वरच्या थरातील लाव्हा छताला पडलेल्या भोकातून खाली ओघळला आणि तसाच थिजला, त्याचा तो खांब झाला. काही ठिकाणी छतावरून लहान लहान दगडी टोके लोंबत होती, त्यांना मी ‘लवणस्तंभ’ म्हटले आहे. तेही तपासून द्यावे.

पंचवटीहून

ताई, आपल्या सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत एखाद्या पोकळीला नाव देताना ती कोणी केली आणि तिच्यात कोण राहिले, हेही आपण न सांगता सांगून जातो. ‘लेणे’ म्हटले की छिन्नी आणि हातोडा आलाच. हा शब्द संस्कृत ‘लयन’, म्हणजे निवासस्थान, यापासून प्राकृत ‘लेण’ होऊन आपल्याकडे आला, आणि त्याचा पुरावा पाहायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यातील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात गोवर्धन येथील त्रिरश्मी पर्वतावर ‘इदं लेणं कारितं इमा च पोढियो’, म्हणजे हे लेणे करविले आणि या पोढ्याही, असे स्पष्ट म्हटले आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. ‘कारितं’ हे क्रियापद मला फार महत्त्वाचे वाटते, कारण लेणे आपोआप होत नाही, ते कोणीतरी करवून घ्यावे लागते. लोकांनी पुढे ही लेणी पांडवांच्या नावावर लावली, तरी ती ‘कोरली’ असेच सांगितले. करणारे बदलले, पण क्रिया बदलली नाही. त्यामुळे मांजांगगुलसाठी ‘लेणे’ हा शब्द सर्वथा चुकीचा ठरेल.

‘गुहा’ हा शब्द ‘गुह्’, म्हणजे लपवणे, या धातूपासून आला. गुह्य आणि गूढ ही त्याचीच भावंडे. त्यात कर्त्याचा उल्लेख नाही, फक्त आडोशाचा आहे. वाल्मीकिरामायणात खर या राक्षसाशी युद्ध जुंपण्यापूर्वी राम लक्ष्मणाला सांगतो, की सीतेला घेऊन झाडीने वेढलेल्या, दुर्गम अशा डोंगरातल्या गुहेचा आश्रय घे. तिथे शब्द ‘गुहा’ आहे. आपल्या पंचवटीत मात्र आपण त्या जागेला ‘सीतागुंफा’ म्हणतो. वडांच्या सावलीतल्या रांगेतून पुढे सरकून, अंग चोरून, वाकून त्या अरुंद पायऱ्या उतरलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. गुहा रिकामी असू शकते, पण गुंफेत कोणीतरी राहिलेले असते. ब्रह्मगिरीवर वाट चुकलेल्या निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ते गुंफेत, असेच आपण सांगतो. म्हणून ज्या पोकळीशी एखाद्या सिद्धाची, देवीची किंवा लोककथेची वस्ती जोडलेली आहे, तिला ‘गुंफा’ हा शब्द शोभतो.

‘भुयार’ हा शब्द तर ‘भूमिगृह’ याचेच झिजलेले रूप आहे, म्हणजे जमिनीखालचे घर. आज त्यात पळवाटेचा अर्थ भरला आहे. प्रत्येक गडावर एक भुयार असते आणि ते कुठल्यातरी दुसऱ्या गडावर निघते, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. ‘विवर’ हा शब्द लोणारने आणि ज्वालामुखीच्या मुखाने आधीच घेतलेला आहे. ‘घळ’ म्हणजे पाण्याने आणि काळाने पोखरलेली कड्याखालची जागा. शिवथरघळ सर्वांना ठाऊक आहे.

आता ज्या पोकळीचा कर्ता माणूस नाही, पाणी नाही आणि जनावरही नाही, तिला काय म्हणावे? ती लाव्हाच्या वाहण्याने झाली आहे. ताटात वाढलेल्या पिठल्यावर पापुद्रा धरतो, वरून ते निवल्यासारखे दिसते आणि आत बोट घातले की चटका बसतो. उतारावरून वाहणाऱ्या लाव्हाचे असेच होते. हवेकडची बाजू थिजून तिचे छत होते, आणि त्या छताखाली १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लाव्हा फारसा न निवता मैलोगणती वाहत राहतो. उगमाकडचा पुरवठा आटला की उरलेला लाव्हा उताराने पुढे निघून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. आपण भिंतींवर पाहिलेल्या आडव्या रेघा म्हणजे उतरत गेलेल्या लाव्हाच्या पातळ्या आहेत, त्यामुळे धरणाच्या काठाशी केलेली आपली तुलना नेमकी आहे. या कारणाने माझे मत ‘लाव्हानळी’ या शब्दाच्या बाजूने आहे. त्यात आकारही येतो आणि वाहणेही येते.

कॉलेज रोडहून

‘लाव्हानळी’ला माझी एक हरकत आहे. आम्हा डोंगर भटकणाऱ्यांच्या तोंडी ‘नळी’ आणि ‘नाळ’ हे शब्द रोजचे आहेत, आणि त्यांचा अर्थ कड्यातली उभी, वरून उघडी, दगडधोंड्यांनी भरलेली घसरण असा होतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्याने चढली आहे, त्याला ‘नळी’ म्हटल्यावर डोक्यावर छत दिसणार नाही, आभाळ दिसेल. तेव्हा ‘लाव्हागुहा’ हा साधा शब्द का नको?

पंचवटीहून

हरकत वजनदार आहे आणि मी तिच्यावर दोन दिवस विचार केला. मला आता असे वाटते, की ही अडचण नसून सोयच आहे. पुष्कळदा लाव्हा आधी वरून उघड्या पाटातूनच वाहतो, आपल्याकडे शेताला पाटाचे पाणी वाहते तसा. दोन्ही काठांकडून पापुद्रा मध्याकडे सरकत येतो आणि पाट झाकला जातो. पुढे कित्येक वर्षांनी छत कोसळले, की तीच नळी पुन्हा वरून उघडी पडते. म्हणजे उघडी नळी आणि झाकलेली नळी या एकाच प्रवाहाच्या दोन अवस्था असू शकतात. शिवाय ‘लाव्हा’ हे पद आधी असल्याने वाचकाचा गोंधळ होणार नाही.

तरी ‘लाव्हागुहा’ मी टाकून देणार नाही. संपूर्ण भूरूपाबद्दल बोलायचे असेल तेव्हा ‘लाव्हानळी’, आणि तिच्या ज्या भागात माणूस शिरतो, चालतो, कंदील धरतो त्याला ‘लाव्हागुहा’, असा भेद ठेवता येईल. हवाई बेटावरील काझुमुरा ही ६५ किलोमीटरांहून लांब आहे. ती लाव्हानळी आहे, आणि कोणी तिच्यात एक रात्र काढली तर ती त्याने लाव्हागुहेत काढली.

सिन्नरहून

एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘नाशिकचा सगळा डोंगर ज्वालामुखीचा, म्हणजे इथल्या सगळ्या गुहा लाव्हाच्याच नळ्या’ असे विधान अलीकडे दोन-तीन वेळा ऐकले. आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, हे खरे. परंतु लाव्ह्याच्या खडकातली गुहा आणि लाव्ह्याने केलेली गुहा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांडवलेणी आणि म्हसरूळची चामरलेणी माणसाने कोरली. आपल्या कड्यांमधल्या कितीतरी कपारी दोन थरांमधला मऊ खडक पाण्याने झिजल्यामुळे झाल्या. विहीर खणणारे लोक टणक थराला ‘कातळ’ आणि सच्छिद्र, भुसभुशीत थराला ‘मांजऱ्या’ म्हणतात, आणि हा फरक त्यांना हातातल्या पहारीने कळतो. त्या छिद्रांमध्ये पुढे खनिजांचे स्फटिक भरतात. आमच्या सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. म्हणून ‘ज्वालामुखीची गुहा’ हा मोघम प्रयोग टाळावा, कारण तो हा भेद पुसून टाकतो.

‘लवणस्तंभ’ही इथे चालणार नाही. तो शब्द चुनखडीच्या गुहांसाठी रूढ आहे. तिथे ठिबकणाऱ्या पाण्यातले क्षार साचत साचत हजारो वर्षांनी खांब होतो. लाव्हानळीत लोंबणारी टोके तापलेल्या छताचा लाव्हा ओघळून थिजल्याने होतात आणि नळी निवेपर्यंत त्यांचे काम संपलेले असते. त्यात लवण नाही आणि स्तंभही नाही.

घोटीहून

त्या टोकांसाठी मी ‘लोंब’ हा शब्द सुचवतो. आमच्याकडे भाताच्या कणसाला लोंब म्हणतात. दाणा भरला, की ती भाराने खाली वाकते आणि टोकाशी निमुळती होते. ‘लाव्हाची लोंब’ आणि अनेकवचनी ‘लाव्हाच्या लोंबी’ असे म्हटले, तर इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या शाळकरी मुलालाही चित्र दिसेल.

पंचवटीहून

हा शब्द मला मनापासून आवडला. याला दूरदेशीचा एक दाखलाही आहे. हवाईतील ‘नाहुकु’ या प्रसिद्ध लाव्हानळीच्या नावाचाच अर्थ ‘बाहेर आलेली टोके’ असा आहे, आणि तिथल्या छतावरची ती टोके हौशी लोकांनी तोडून नेली. नाव उरले आहे, पण ज्यावरून ते पडले त्या लोंबी गेल्या. ताई, आपल्या टिपणात हे एक वाक्य अवश्य यावे.

इंदिरानगरहून

आपणा सर्वांची ऋणी आहे. आता लोककथेच्या भाषेबद्दल विचारते. मांजांगगुलजवळच ‘गिम्न्योंगसागुल’ नावाची दुसरी लाव्हानळी आहे. कोरियन भाषेत ‘सा’ म्हणजे सर्प आणि ‘गुल’ म्हणजे गुहा. तिच्यात एक प्रचंड सर्प राहत असे आणि दरवर्षी त्याला एक कुमारिका अर्पण न केल्यास तो वादळ आणून शेते उद्ध्वस्त करी, असे सांगतात. १५१५ साली सो र्योन या तरुण अधिकाऱ्याने त्या सर्पाला मारले. गावच्या मांत्रिक स्त्रीने त्याला बजावले होते, की घोड्यावरून थेट किल्ल्यात जा, मागे वळून पाहू नकोस. वाटेत मागून कोणीतरी ओरडले, की रक्ताचा पाऊस येतो आहे. त्याने मागे पाहिले आणि तो मरण पावला. मी ‘नागगुंफा’ असे भाषांतर केले आहे. ते योग्य होईल का?

पंचवटीहून

‘गुंफा’ योग्यच आहे, कारण तिथे कथेची वस्ती आहे. ‘नाग’ शब्दाबद्दल मात्र मी पुष्कळ वेळ घुटमळलो. नाग म्हटले की मराठी मनात नागपंचमी, वारूळ, लाह्या आणि दूध येते. नागाला आपण हात जोडतो. ‘साप’ म्हटले तर भीती राहते, पण आकार लहान होतो, आणि ‘अजगर’ म्हटले तर तो केवळ प्राणी होतो, त्याच्यातील दैवी कोप जातो. जेजू बेटावर सर्पाची देवता म्हणून पूजाही होत आली आहे, हे लक्षात घेता भय आणि भक्ती या दोन्हींना जागा देणारा ‘सर्प’ हा शब्द मला सर्वांत सुरक्षित वाटतो. म्हणून ‘सर्पगुंफा’ लिहावे.

मागे वळून न पाहण्याची अट आपल्याही कितीतरी ग्रामदेवतांच्या कथांत आहे. तिथे भक्त मागे पाहतो आणि देवी जिथल्या तिथे थांबते, मग तिथेच तिचे ठाणे होते. जेजूच्या कथेत पाहणाऱ्याचाच अंत होतो. आपण ‘मागे वळून पाहिले’ एवढेच लिहिले, तर मराठी वाचक देवी थांबण्याची वाट पाहील, म्हणून मृत्यूचे वाक्य त्याला लगेच जोडून लिहावे, परिच्छेद तोडू नये.

कॉलेज रोडहून

‘लाव्हानळी’वरची माझी हरकत मी मागे घेतो. आइसलँडमधील ‘सुर्त्सहेल्लिर’ ही लाव्हानळी तिथल्या पुराणकथांतील सुर्त या अग्निराक्षसाच्या नावाने ओळखली जाते, आणि ‘हेल्लिर’ म्हणजे पुन्हा गुहाच. म्हणजे तिथल्या लोकांनीही नळीला नाव देताना आत राहणारा कोण, हेच आधी पाहिले. वरील विवेचनाप्रमाणे तिला ‘सुर्ताची गुंफा’ म्हणता येईल.

पंचवटीहून

म्हणता येईल. त्यावरून ताईंच्या टिपणातील शेवटची दुरुस्ती सुचते. त्यांनी दोन ठिकाणी ‘मांजांगगुल गुहा’ असे लिहिले आहे. ‘गुल’मध्ये गुहा आलेलीच आहे. आपण ‘विंध्याचल पर्वत’ सर्रास म्हणतो, तेव्हा अशी द्विरुक्ती मराठीला परकी नाही, परंतु जिथे लेखिकेला अर्थ ठाऊक आहे तिथे ती टाळावी. पहिल्या उल्लेखात ‘मांजांगगुल ही लाव्हानळी’ आणि पुढे नुसते ‘मांजांगगुल’ पुरेसे आहे.

इंदिरानगरहून

दुरुस्त केलेले पहिले वाक्य असे: ‘मांजांगगुल ही लाव्हानळी कोणी कोरलेली नाही, लाव्हा वाहून गेला आणि त्याची वाट उरली.’ सासूबाईंना वाचून दाखवले. या वेळी त्यांनी मूर्तींबद्दल विचारले नाही, ‘मग तो वाहून गेला कुठे?’ असे विचारले. समुद्राकडे, असे सांगितले आणि ते दुसरे वाक्य म्हणून लिहिले.