विहिरीत पुराचं पाणी गेलं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची?

प्रश्न (रावेर तालुका): तापीच्या पुराचं पाणी विहिरीत शिरलं. व्यास 4 मीटर, पाणी 5 मीटर. पिण्याची विहीर आहे.

उत्तर: आधी गढूळ पाणी उपसा, पण सावकाश. भोवतालची माती भिजलेली असते. एकदम रिकामी केली तर बांधकाम आत ढासळतं.

उत्तर: पुन्हा 5 मीटर भरल्यावर 0.785 × 4 × 4 × 5, साधारण 63 घनमीटर, म्हणजे 63 हजार लिटर. हजार लिटरला 2.5 ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण 160 ग्रॅम. बादलीत लगदा कालवा, पाणी घाला, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळीच विहिरीत सोडा. खालचा चुना गेला की पाणी जड होतं. तासभर थांबा.

उत्तर: पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) पिवळा रंग नाही आला तर परत डोस. उघड्या पोत्यातली पावडर नकोच, तिचा दम गेलेला असतो.