आईच्या बोटांचे सांधे मोठे, मनगट बारीक : पाटल्या कोणत्या मापाच्या करू?

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात आईची पंचाहत्तरी आहे. तिच्या लग्नातल्या पाटल्यांची जोडी (चार तोळे, माप २-४) बऱ्याच वर्षांपासून लॉकरमध्ये पडून आहे, कारण ती आता हातात चढत नाही. आईला संधिवात आहे. बोटांच्या मुळाशी सांधे जाड झालेत आणि अंगठा पूर्वीसारखा तळहातात दुमडत नाही. मनगट मात्र वयाबरोबर सुकत गेलंय. समारंभाच्या दिवशी त्या पाटल्या तिच्या हातात असाव्यात असं आम्हा भावंडांना फार वाटतं. ती "राहू दे गं आता" म्हणते खरी, पण लॉकर उघडला की पहिली डबी त्यांचीच उघडते.

मी बंगळुरूला असते, आई सांगलीला वहिनी-दादाकडे. वहिनीने टेपने माप घेऊन कळवलं आहे. अंगठा जमेल तेवढा आत घेऊन सांध्यांवरून हाताचा घेर २०.५ सेंटीमीटर, आणि मनगटाचा घेर १५ सेंटीमीटर.

सराफांचं म्हणणं, पाटल्या मोडा, थोडं सोनं घाला आणि २-१० च्या नव्या करून घ्या. मी हिशोब करून पाहिला. २-१० म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर दहा सोळांश इंच, म्हणजे साधारण ६६.७ मिलिमीटर. घेर जवळजवळ २१ सेंटीमीटर. हातात नक्की जाईल. पण १५ च्या मनगटावर २१ ची पाटली म्हणजे हात वर केला की कोपराकडे आणि खाली सोडला की तळहातावर. आईला ते आवडणार नाही आणि दुखऱ्या सांध्यांवर सारखी आपटत राहील ते वेगळंच. २-८ केली (घेर साधारण २० सेंटीमीटर) तर सांध्यांवर अडकेल.

मापासाठी ऐकायचं कुणाचं, सांध्यांचं की मनगटाचं? पाटल्या न मोडता काही करता येतं का? त्यावरची नक्षी आता कुणी हाताने करून देईल असं वाटत नाही, म्हणून आटवायला जीव होत नाही. कुणी घरात असं काही करून घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून त्यावरून बांगडी सरकवायची, अलगद जाते. साबणाच्या पाण्यापेक्षा बरं पडतं. माझ्या २-४ च्या बांगड्या मी अशाच घालते, खरं तर माझं माप २-६ आहे.

प्रतिसाद २

वरचा उपाय मऊ हाताला ठीक आहे, संधिवाताच्या हाताला कृपा करून नको. आमचं माहेर कासाराचं, त्यामुळे थोडं लिहिते. बांगडी भरताना आम्ही हात चेपतो तेव्हा दबतं ते मांस, आणि हाडं जराशी एकमेकांजवळ येतात. म्हणून टेपवर जे माप येतं त्याहून एक नंबर कमीची काचेची बांगडीही सवयीच्या हाताने चढते. सांधा सुजलेला किंवा हाड वाढलेलं असेल तर तिथे दबायला काही नसतं. जोर केला की दुखापत होते, आणि वर चढलेली बांगडी उतरताना त्याहून जास्त त्रास देते. अशा हाताचं माप टेपवर येईल तेच धरायचं, उलट थोडं सैल.

ताई, माप परत एकदा घ्यायला सांगा. संधिवातात बरेचदा सकाळी बोटं आखडलेली असतात, त्यामुळे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोन्ही हातांचं वेगवेगळं. उजवा हात बहुतेक वेळा डाव्याहून मोठा भरतो. मनगटाचं माप करंगळीच्या बाजूला जे हाड वर येतं त्यावरून घ्या. हाडामागच्या बारीक जागेचं घेतलं तर पाटली पुढे आली की हाडाला रुतेल.

आणि जुनी पाटली खरंच २-४ आहे का तेही बघा. आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत पट्टी लावायची, बाहेरून नाही. ५७ मिलिमीटर भरली तर २-४, ६० भरली तर २-६. फोनवर तक्ता उघडून त्यावर बांगडी ठेवून माप काढणार असाल तर आधी दहा रुपयांचं नाणं ठेवून बघा. नाणं २७ मिलिमीटरचं असतं. स्क्रीनवरच्या मापाशी ते जुळलं नाही तर तो तक्ता सोडून द्या.

प्रतिसाद ३

मी सोन्याच्या कामात आहे, म्हणून या प्रश्नाकडे जरा वेगळं बघतो. ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे. तुमच्या जुन्या पाटलीचा आतला घेर किती? २-४ म्हणजे ५७.२ मिलिमीटर व्यास, घेर १८ सेंटीमीटरला किंचित कमी. आईंचं मनगट १५. म्हणजे पाटली मनगटाला तीन सेंटीमीटर सैल आहे. घालायला हवी तेवढीच. लहान झालाय तो फक्त मनगटापर्यंत पोचायचा रस्ता.

मग पाटली मोठी कशाला करायची? ती उघडती करून घ्या. समोरासमोर दोन ठिकाणी कापून एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला फिरकी किंवा खटका बसवतात. तोडे असतात तसंच. बाजूने मनगटावर ठेवायची आणि बंद करायची, सांध्यांशी संबंधच येत नाही. हातातून निसटायची भीतीही नाही, कारण १८ ची पाटली २०.५ च्या पंजावरून खाली येऊच शकत नाही. उघडती करून घेताना वाटलं तर किंचित लंबगोलही करून घ्या. मनगट गोल नसतं, चपटं असतं. लंबगोल पाटली जागच्या जागी बसते, फिरत नाही, आणि नक्षी वरच राहते.

काम देण्याआधी पाटली भरीव आहे की आत लाख आहे हे विचारून घ्या. भरीव असेल तर काम सरळ आहे. लाख असेल तर डाक देताना (सोनं तापवून जोडताना) उष्णतेने ती वितळते, आधी काढावी लागते आणि काम झाल्यावर पुन्हा भरावी लागते. कारागीर जाणता हवा. पोकळ आणि पातळ पत्र्याची असेल तर बिजागरीच्या जागी आतून जाडी द्यावी लागते, नाहीतर काही महिन्यांत तिथे वाकते. काप कुठे घ्यायचा तेही स्वतः दाखवा. नक्षीच्या दोन पानांमधली कोरी जागा शोधली की सांधा दिसत नाही.

देताना तुमच्यासमोर वजन करून पावतीवर लिहून घ्या, परत घेतानाही समोर वजन. कापताना थोडी घट येणार, बिजागरी-फिरकीचं सोनं वाढणार, दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं असलं की वाद होत नाहीत. मोडून नवीन करताना घट, पूर्ण घडणावळ आणि वरचं सोनं, तिन्हीचा खर्च येतो. यात घडणावळ फक्त दुरुस्तीची.

एक नंबर वाढवायचा म्हणजे घेरात साधारण एक सेंटीमीटरचा तुकडा घालायचा. २-४ ची २-१० करायला तीन सेंटीमीटरचा तुकडा लागेल आणि तिथे नक्षी तुटलेली दिसेल. म्हणूनही ते करू नका असं सांगेन.

धागाकर्ती

प्रतिसाद ३, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. इतके दिवस मी २-८ की २-१० एवढाच विचार करत होते. वहिनीने आज पट्टीने मोजलं, आतून ५७ मिलिमीटरच भरते. हाडावरून मनगट १५.५ आलं, म्हणजे तरीही सैल.

आता एक अडचण आहे. ज्या बोटांमुळे पाटली चढत नाही त्याच बोटांनी आईला फिरकी फिरवता येणार नाही. साडीची पिनसुद्धा वहिनीच लावून देते. मग फिरकी घ्यावी की खटका?

प्रतिसाद ४

माझ्या सासूबाईंसाठी आम्ही नेमकं हेच केलं. फिरकी घट्ट बसते, आपोआप उघडत नाही, पण तिचं डोकं मुगाच्या दाण्याएवढं, सुजलेल्या बोटांत धरताच येत नाही. खटका अंगठ्याने दाबून उघडतो, पण कशात अडकला तर सुटू शकतो. म्हणून खटका आणि वर छोटी साखळी घेतली. खटका सुटला तरी पाटली हातातच राहते. साखळीचं टोक अडकवायला मात्र दुसरं माणूस लागतं. आम्ही रोज काढत नाही, सणावारी सूनच घालून देते.

उघडत्या पाटलीचा आणखी एक मोठा फायदा सांगते. सासूबाईंना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, हाताला सूज होती आणि शस्त्रक्रियेआधी सगळे दागिने काढायचे होते. पाटल्या क्षणात निघाल्या. दुसऱ्या हातातली बंद बांगडी मात्र कापावी लागली. या वयात हातात जे राहणार आहे ते उघडणारंच असावं, असं माझं ठाम मत झालंय.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

वरच्या ताईंशी सहमत, खटका आणि साखळी. खटका करंगळीच्या बाजूला नको, ती बाजू टेबलावर, ओट्यावर सतत टेकते. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याकडे झुकता ठेवायला सांगा. दोन पाटल्या दोन हातांच्या असल्याने एकमेकींच्या उलट बसवाव्या लागतील, हे कारागिराला आधीच सांगा. दोन्ही सारख्याच केल्या तर एका हातात नक्षी उलटी येते.

धागाकर्ती

लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात मी सांगलीला जाते आहे, तेव्हा स्वतः बसून काप कुठे घ्यायचा ते दाखवेन. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात जुन्या पाटल्यांना बिजागरी बसवून देणारा हातकामाचा कारागीर कुणाला माहीत असेल तर कृपया निरोपातून कळवा. आटवण्याचा बेत रद्द झाल्याचं आईला फोनवर सांगितलं, तिने लगेच विचारलं, "लाखेच्या नाहीत त्या, भरीव आहेत. कारागिराला सांगशील ना?"