मदत हवी आहे : चौथ्या कथेपासून भीतीच वाटत नाही

गेले दोन महिने मराठी भयकथासंग्रह ओळीने वाचतोय. नारायण धारप झाले, रत्नाकर मतकरी झाले, आता हृषीकेश गुप्ते हातात आहेत. अडचण अशी की पहिल्या दोन-तीन कथांना अंगावर काटा येतो, पुढे मी नुसता अंदाज बांधत बसतो. धारपांच्या कथेत समर्थ (दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा नेहमीचा नायक) आले की माझा जीव भांड्यात पडतो आणि भीती तिथेच संपते. मतकरींच्या बाबतीत हे कमी होतं, कारण तिथे बऱ्याचदा भुतापेक्षा शेजारचा माणूसच जास्त भयंकर निघतो.

रोज रात्री एकच कथा वाचून पाहिली. मध्ये विनोदी पुस्तक घेतलं. ऑडिओही ऐकला, पण मागच्या संगीताने सगळी मजा घालवली (घुबड दर दोन मिनिटांनी!).

मला नेमकं काय हवंय ते डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या १९०२च्या ‘द मंकीज पॉ’ या इंग्रजी कथेत सापडलं. दारावर थाप पडत राहते, आई कडी काढायला धडपडते, आणि दार उघडतं तेव्हा बाहेर फक्त रिकामा रस्ता. बाहेर कोण होतं, ते दिसतच नाही.

कादंबऱ्या नकोत, रक्तपात नको. मराठीतच हवं, अनुवादही चालेल. जुनं असेल तर ग्रंथालयात शोधेन. असं शेवटपर्यंत काहीच न दाखवणाऱ्या कथा कोणत्या संग्रहात आहेत, आणि त्यातली आधी कोणती वाचू?