बुटका पण मारामारीत पक्का हॉकीपटू सुचवा (जर्सी घ्यायची आहे)

मिसिसागाकर
भाचा ११ वर्षांचा, टीममध्ये सगळ्यांत ठेंगणा. वाढदिवसाला एनएचएलमधल्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) अशा खेळाडूची जर्सी द्यायची आहे, जो उंचीला कमी पण दोन हात करायला कधी मागे हटला नाही. बजेट १५० कॅनेडियन डॉलर. त्याच्या वर नको, प्लीज.

लीफ्स_भक्त
यात विचारायचं काय? टोरंटो मेपल लीफ्सचा टाय डोमी, २८ नंबर. ५ फूट १० इंच. पेनल्टीत बाहेर बसण्याची ३,५१५ मिनिटं, एनएचएलच्या इतिहासात तिसरा! १९९२ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळताना सव्वासहा फुटी बॉब प्रोबर्टला भिडला आणि वर कमरेला चॅम्पियनचा पट्टा बांधल्याची खूण केली. माझ्याकडे ऑथेंटिक (खेळाडू घालतात तशी) आहे, ३०० ला पडली. घ्यायची तर तीच घ्या.

जुना_बॉस्टनकर
५ फूट १० म्हणजे बुटका? मग माझं काय व्हायचं! बॉस्टनचा स्टॅन जॉनथन बघा, ५ फूट ८. १९७८ ची स्टॅनले कप फायनल (एनएचएलची अंतिम लढत), समोर माँट्रियलचा पिअर बुशार, ६ फूट २. बुशारचं नाक फोडलं, सोडवायला गेलेला लाइन्समन (पंच) रक्ताने माखला. आणि त्याच सीझनला जॉनथनचे २७ गोल. डोमीला एवढे कधी जमले?

लीफ्स_भक्त
डोमीला गोल करायला ठेवलंच नव्हतं.

ओकव्हिलची_आई
११ वर्षांच्या मुलासमोर हे आदर्श? प्रोबर्ट ४५ व्या वर्षी गेला, मेंदूच्या तपासणीत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) निघालं. पट्ट्याचं कौतुक सांगताना हेही सांगा. मुलांच्या हॉकीत मारामारी केली तर सरळ मॅचमधून बाहेर काढतात.

लीफ्स_भक्त
ताई, धागा जर्सीचा आहे.

काकडलेला
टेड लिंडसे. ५ फूट ८, डेट्रॉइट. बर्फावर तर भांडलाच, १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभी करायला मालकांशीही भांडला. त्याची शिक्षा म्हणून त्याला शिकागोला धाडलं. यापेक्षा टफ कोण?
अवांतर: ठेंगणे जिंकतात कसे, तर आत घुसून. बर्फावर पाय रोवता येत नाहीत, म्हणून एका हाताने समोरच्याची जर्सी धरायची आणि दुसऱ्याने हाणायचं. लांब हातवाल्याला जवळून नीट मारताच येत नाही. जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून मागे आतून पट्टी असते, ती पँटला अडकवतात. ऑथेंटिक जर्सीत ती हमखास असते. पण पोराला १५० वाली रेप्लिकाच घ्या, वर्षभरात आखूड होईल.

पुणेरी_पेंग्विन
+१ डोमी. वर कोणी लिहिलंय का बघितलं नाही, पण त्याची प्रोबर्टबरोबरची मारामारी जरूर बघा.
ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारू नका. माझ्या जर्सीवर आडनावच चुकीचं छापून आलं. पैसे परत नाहीत.

उत्तरेचा_वारा
जॉर्डिन टूटू कसा कोणाला आठवला नाही? ५ फूट ९, उत्तर कॅनडातल्या नुनावुतमधल्या रँकिन इनलेटचा. २००३ मध्ये नॅशव्हिलकडून उतरला, एनएचएलमधला पहिला इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) खेळाडू. भल्याभल्यांना भिडला.

जुना_बॉस्टनकर
टूटू चांगलाच. पण १९७८ ते १९७८.

मिसिसागाकर
सगळ्यांचे आभार. भाच्यालाच विचारलं. त्याला माँट्रियलचा ब्रेंडन गॅलाघर हवाय, ५ फूट ९. म्हणाला, तो मारत नाही, मार खाऊन गोलसमोरून हलत नाही. रेप्लिका ऑर्डर केली, बजेटमध्ये.

लीफ्स_भक्त
माँट्रियलची जर्सी?? मिसिसागात?? टोरंटोच्या शेजारी?? धागा बंद करा.

ओकव्हिलची_आई
शहाणं पोर आहे.