मदत हवी आहे: सुट्टीत कमी अल्कोहोलचे पेय, पण वजन घटवण्याचा क्रम न मोडता

पुढच्या महिन्यात दहा दिवसांच्या सहलीला जात आहे. गेले चार महिने रोजचा आहार १,५०० कॅलरींत बसवला असून, संध्याकाळी एखादे पेय घेतल्याने तो क्रम मोडू नये, अशी इच्छा आहे. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, म्हणून ५ टक्क्यांच्या बिअरऐवजी ०.५ टक्क्यांची घेऊन पाहिली. परंतु बाटलीमागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा अल्कोहोल गेले तरी साखर मागे उरलेली दिसली. ३३० मिलिलीटरमध्ये ती चक्क १५ ग्रॅम होती, म्हणजे तिच्याच ६० कॅलरी. वाइनमध्ये निम्मा सोडा घालण्याचा उपाय बरा वाटला, फक्त पेला लवकर संपतो आणि दुसरा मागवला जातो (हा दोष अर्थात सोड्याचा नाही). मला मधुमेह नाही, कोणतेही औषध चालू नाही. कृत्रिम गोडी मात्र पोटाला सोसत नाही. जेवण टाळून कॅलरी वाचवण्याचा सल्ला कृपया नको, कारण रिकाम्या पोटी पेय घेतल्यावर भूक आवरत नाही, हे अनुभवून झाले आहे.

हॉटेलात पेल्यातून आलेल्या पेयाला लेबल नसते. अशा वेळी बारटेंडरला नेमके काय विचारावे आणि १०० कॅलरींच्या आत राहणारे कोणते पेय निर्धास्तपणे मागवावे?