पार्किंगमधलं चार्जिंग – रविवारच्या मीटिंगआधी

बी-३०२ : काल रात्री ए विंगच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतनं वायर खाली सोडून स्कूटर चार्जिंगला लावलेली. एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर, वीतभर अंतरावर नळाचं पाणी. पोरं तिथंच खेळतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गाडी चार्ज करायला एक्स्टेन्शन चालतच नाही. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर आणि ३० मिलिअँपिअर करंट गळला की वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, पाहिजे.

ए-२०४ : वायर माझी होती. चुकलं, काढतो. पण मार्चमध्ये चार्जरसाठी दिलेल्या अर्जाला कमिटीचं अजून उत्तर नाही. गाडी चार्ज करायची कुठं?

सी-१०१ : एकाला दिलं की सगळे मागणार. लोड कुठनं आणायचा?

बी-३०२ : काका, लोडचा प्रश्न खरा आहे, पण त्यापायी अर्ज पाडून ठेवणं बरोबर नाही. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकानं स्वखर्चानं चार्जर मागितला तर बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही. केबल कुठनं न्यायची, कसा बसवायचा, एवढंच ते ठरवतात. २०२४ पासून तिथली वीज कंपनीही लोडचं कारण सांगून जोडणी अडवू शकत नाही. ताण आलाच तर मोठा चार्जर तेवढ्यापुरता ४.२ किलोवॉटवर आणते. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून पार्किंग असलेल्या नव्या घरांना बिल्डरनंच चार्जर द्यायचा. आपली बिल्डिंग जुनी, म्हणून मला जर्मनीची रीत जवळची वाटते.

सी-१०१ : तिकडचं राहू दे, आपल्याकडं काय?

बी-३०२ : घरच्या मीटरवरनं चार्ज करायला आपल्याकडं मुभा आहे. शिवाय वीज ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनं चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. नवी लाईन टाकायची नसेल तर महापालिका हद्दीत ७ दिवसांत द्यायचं असा नियम आहे. सोसायटीच्या नावावर एक कनेक्शन आणि प्रत्येकाला सबमीटर, असं माझं मत.

बी-१०३ : भावजी, २०१९ ला पंचगंगेचं पाणी पार्किंगमध्ये छातीला लागलेलं. मीटर बॉक्स बुडाला होता. ८०० मिलिमीटरनं काय होणार?

बी-३०२ : खरंय वहिनी. ८०० म्हणजे अडीच फुटांहून जरासंच जास्त. तिसऱ्या खांबावर त्या पुराची लाल ऑइलपेंटची खूण आहे, मघाशी टेपनं मोजली. ४ फूट ७ इंच. सॉकेट, एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) सगळं त्याच्या वर घेऊ. मेन स्विच जिन्याच्या पहिल्या वळणावर, म्हणजे पाणी शिरायच्या आत बंद करता येईल.

सी-१०१ : स्विच वर घेणार असाल तर माझी हरकत नाही. सबमीटरचं कोटेशन आणा.

ए-२०४ : मी आणतो काका. वायर आत्ताच गुंडाळली.